सावलीची हजेरी

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्यावं, शब्दही साधेच आहेत. पण नीलकंठ ओहोळने मॉर्मन चर्चला येणं सोडलं तरी त्याची सावली दर रविवारी यायची, हे खरं आहे. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसायची.

ती खुर्ची पुसायचा आमोस रणपिसे. सगळ्याच खुर्च्या तो मांडायचा. सहा वर्षांत त्याने एक रविवार चुकवला नव्हता. शाखाध्यक्ष ब्रदर बनसोडे मात्र सावलीशी वाकून हात मिळवत. शिवाय दर महिन्याला चर्चमधले दोघे ब्रदर केक घेऊन नीलकंठच्या घरी जात. चर्चला चहा चालत नाही. नीलकंठ त्यांच्यासमोर फुरके मारत प्यायचा, तरी ते हसत बसत. आमोसच्या घरी कधी कोणी आलं नव्हतं.

"माझ्याकडे कधी येणार?" त्याने एकदा धीर करून बनसोड्यांना विचारलं.

"तुमच्याकडे कशाला, ब्रदर? तुम्ही तर येताच की."

पुढच्या रविवारी आमोसने आपल्या सावलीला एकटीला पाठवलं. घरी कोकम सरबत केलं, नवी चादर अंथरली, दार उघडं ठेवून बसला. कोणी आलं नाही. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी सावली परतलीच नाही.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी बनसोड्यांचा फोन आला. आमोसने आधी चादर सारखी केली, मग उचलला.

"ब्रदर, परवानगी हवी होती. तुमच्या सावलीला प्रभुभोजनाचं ब्रेड-पाणी वाटायची सेवा द्यावी म्हणतो. खुर्च्या काय सरळ लावते. आणि बोलत अजिबात नाही."

"मीही बोलत नाही."

"हो का? लक्षात नाही आलं."

"मी आलो नाही, ते तरी आलं का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "हजेरी तर पूर्ण आहे."

आजवर त्याला नीलकंठच्या सावलीचा हेवा वाटायचा. आता स्वतःच्या सावलीचा वाटू लागला, आणि हा जास्त झोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली, टाय बांधला आणि भर उन्हातून सावलीशिवाय चर्चला गेला. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. खरंच सरळ होत्या.

बनसोड्यांनी दारात त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "या, या. पहिल्यांदाच येताय? पत्ता सांगून ठेवा, मंगळवारी दोघांना पाठवतो."

आमोसने पत्ता सावकाश सांगितला, पिनकोडसकट. मग तो तिसऱ्या रांगेत नीलकंठच्या सावलीशेजारी बसला. त्याच्या सावलीने ताट पुढे केलं. त्याने ब्रेडचा तुकडा घेतला, आणि तिच्या टायची गाठ आपल्यापेक्षा नीट बसलीय, हे पाहून घेतलं.