एमसी रिजेक्टचा गोंधळ

आमच्या कारखान्यात शिफ्ट सुरू होण्याआधी सुरक्षेची शपथ घेतात. एकानं पुढं उभं राहून म्हणायची, बाकीच्यांनी हात पुढं करून मागून म्हणायची. इतकी वर्षं ती आम्ही अर्धवट झोपेतच म्हणत आलो. नागनाथची पाळी आली त्या सकाळी मात्र माझी झोप खाडकन उडाली. त्यानं शपथ रॅपमध्ये म्हटली!

"हेल्मेट घाल भावा, गॉगल घाल भावा, बोटं दहा आणलीस, दहा घेऊन जा भावा!"

आणि मध्येच देवीच्या गोंधळातली खणखणीत तान. सुपरवायझर हात पुढं करून तसाच उभा. शपथ झाली की मोडली, मला काही कळेना.

नागनाथ चाकणजवळच्या महाळुंग्यात माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. मूळचा परभणीकडचा, घराणं गोंधळ्यांचं. त्याचे वडील, आबा, लग्नाघरी संबळ वाजवून देवीचा गोंधळ घालतात आणि हा लहानपणापासून त्यांच्या मागं झील धरायचा. इथं आल्यावर यानं रॅपवाल्यांसारखं स्वतःचं नाव ठेवलं एमसी रिजेक्ट. हे कसलं अभद्र नाव, असं मी विचारलं.

"दादा, दिवसभर रिजेक्ट पीसवर लाल खूण करतो. त्यांचं पन कुनीतरी असावं की."

प्रेस मशीनची धडधड मोबाइलवर रेकॉर्ड करायची, तिच्यावर संबळ बसवायचा आणि त्यावर रॅप. हे सगळं भिंतीपलीकडून मी सोसायचं. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "लोड घेऊ नका, दादा." अहो, मी लोड घेण्यासाठीच जन्मलोय.

त्याचा असला एक व्हिडिओ गावाकडं आबांनी पाहिला. देवीचं आवतण आणि मागं मशीनचा खडखडाट! त्यांनी पोराशी बोलणंच टाकलं. फोन आला की आईच्या हातात देतात. नागनाथ आईला विचारतो, "आबा जेवले का?" आणि मग त्या खोलीतून बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. त्या ढणढणाटापेक्षा ही शांतता मला जास्त जाचते.

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असते. यंदा नागनाथला गायला सांगितलं, तेव्हा त्यानं मला गळ घातली. "आबांना तुमी फोन करा, दादा. एकदा समोर बसून ऐकू द्या. मंग एक शब्द बोलले, शिवी दिली तरी चालंल."

मी फोन केला. आबा म्हणाले, "देवीचं नाव हाय म्हनून येतो. त्याच्याशी बोलनार न्हाई."

आले, फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले. गोंधळात ठिकठिकाणच्या देवांना नाव घेऊन बोलावतात. नागनाथनं भवानीला बोलावलं, रेणुकेला बोलावलं. आबांची मान किंचित हलली. मला जरा हायसं वाटतंय तोच हा गरजला, "महाळुंग्याच्या प्रेसबाई, गोंधळाला या! चाकणच्या ट्रॅफिकदेवा, वाट सोडून या! डबल शिफ्टच्या म्हसोबा, झोप घेऊन या!"

पोरं बाकांवर चढली. आबांकडं बघायची माझी छातीच होईना. शेवटी "थँक्यू चाकण!" म्हणून यानं माइक ठेवला.

आबा ताडकन उठले आणि स्टेजवर चढले. टाळ्या थांबल्या. म्हातारा आता पोराच्या कानाखाली काढणार, याबद्दल मला शंका उरली नाही.

"देव बोलावलेस," ते कडाडले, "आन् आरती? आरतीबिगर गोंधळ संपतो व्हय रे? त्यांना काय असंच ताटकळत ठेवतूस?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी पूजेच्या ताटातलं निरांजन उचललं आणि आरती सुरू केली. नागनाथ दोन पावलं मागं सरकला आणि त्यानं झील धरली. त्याचा आवाज मध्येच फाटला. मी तर सरळ रडलो.

सगळे आबांच्या पाया पडायला गेले, तेव्हा मी नागनाथला धरलं. "गाढवा, गोंधळ्याच्या घरात जन्मून आरती विसरलास?"

"आरती इसरंल व्हय कुनी, दादा?" माइकची वायर गुंडाळत तो म्हणाला. "मुद्दाम बाकी ठिवली. माझ्यासाठी आबा उठले नसते. देव ताटकळलेले त्यांना बघवत न्हाई."

मी चाटच पडलो. "आणि नसते उठले तर?"

त्यानं वायरला गाठ मारली.

"मंग ते उठेस्तवर मी स्टेजवरून उतरलोच नसतो."