तीन रिकाम्या कॅनचा तपास

वासुदेवरावांच्या मते बेंगळुरूच्या अख्ख्या सर्जापूर रोडवर दोनच गोष्टी अचूक होत्या, एक त्यांचं मनगटी घड्याळ आणि दुसरी त्यांची नजर. बँकेतून निवृत्त होताच त्यांनी 'खासगी तपास' अशी शंभर कार्डं छापून घेतली. अठ्ठ्याण्णव अजून शिल्लक होती. एक वॉचमनला दिलं होतं आणि एकाची घडी घालून त्यांच्या पत्नी उल्काताईंनी डुगडुगणारं टेबल सरळ केलं होतं.

अशा माणसाच्या घरात चोरी करायची म्हणजे चोराची कमालच म्हणायची.

त्याचं असं झालं. बिल्डिंगची बोअरवेल आटली, सोमवारी नळ बंद पडले आणि टँकर शनिवारी येणार होता. उल्काताई सावध बाई. त्यांनी रविवारीच पाण्याचे वीस लिटरचे सहा कॅन भरून ठेवले होते, शेजारी टॉर्च, मेणबत्त्या, औषधं. सगळा खटाटोप लेकीसाठी. सिद्धी गुरुवारी दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन पहिल्यांदाच राहायला येणार होती. पाणी नसलं तर ती तडक जे. पी. नगरला सासरी जाणार होती. तिथे म्हणे चोवीस तास पाणी. ते 'चोवीस तास' उल्काताईंना फार झोंबलं होतं.

गुरुवारी दुपारी शाळेत शिकवून त्या घरी आल्या, एक कॅन उचलायला गेल्या, तर तो अलगद वर आला. दुसरा तसाच, तिसराही. झाकणं मात्र घट्ट. उल्काताईंच्या तोंडचं पाणीच पळालं.

"कशाला हात लावू नकोस," वासुदेवराव म्हणाले आणि स्वतः सगळ्याला हात लावला. "बाष्पीभवन. मार्च महिना आहे."

"अहो, झाकणं लावलेली आहेत."

"तेच तर संशयास्पद आहे."

मग संशय शेजारच्या व्यंकोजींवर गेला. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूचं, आणि त्यांच्या बाल्कनीतला कढीपत्ता या टंचाईतही हिरवागार.

"तांदूळ धुतलेलं पाणी घालतो, अण्णा," व्यंकोजी म्हणाले. "या, स्वल्प कॉफी घ्या."

वासुदेवरावांनी डायरीत 'लाच देऊ केली' असं लिहिलं आणि कॉफी पिऊन टाकली.

शेवटी त्यांनी कॅनवर रांगोळी भुरभुरून बोटांचे ठसे घेतले. फरशी पांढरी झाली.

"बहुतेक ठसे तुझेच आहेत. सकाळी कुठे होतीस?"

"नववी 'ब'च्या वर्गात," उल्काताई म्हणाल्या. "पोर दारातून परत जाईल हो. नातीला मांडीवर घ्यायचं राहूनच जाईल माझं."

वासुदेवरावांनी डायरी मिटली.

संध्याकाळी सिद्धी आली. रांगोळी, कॅन, आईचा चेहरा, सगळं पाहून तिने विचारलं, "बाबा, आई चार दिवस ओल्या टॉवेलने अंग पुसतेय. मग तुमच्या अंगाला चंदनाच्या साबणाचा वास कसा?"

"मी आंघोळ केली."

"कशाने?"

"बादलीतल्या पाण्याने."

"बादलीत कुठून आलं?"

वासुदेवराव विचारात पडले. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. "बादली भरलेलीच असते," ते म्हणाले.

"मीच भरते, अण्णा," भांडी घासता घासता कामवाली प्रेमा म्हणाली. "अक्का पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, शिळं पाणी ठेवायचं नाही, रोज काढून टाकायचं. पण एवढं पाणी फेकायचं कसं? म्हणून मंगळवारपासून रोज एक कॅन तुमच्या आंघोळीला ओतला. नळ आला की ताजं भरणार होते."

उल्काताईंनी ते पिण्याच्या हंड्यातल्या पाण्याबद्दल सांगितलं होतं. पण आता कोणाला बोलणार? त्या नुसत्या लेकीच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

सिद्धीने भरलेले कॅन मोजले. "तीन पुरतील. फक्त शनिवारपर्यंत बाबांची आंघोळ बंद."

तिने बाळाला आईच्या मांडीवर दिलं. उल्काताईंनी डोळे पुसले, पोटभर बघून घेतलं आणि मग मोठ्या मनाने नात आजोबांकडे दिली. तिने दोन मिनिटांत आजोबांचा झब्बा भिजवला.

"पाणी मिळणार नाही हं," उल्काताई म्हणाल्या.

"मागतंय कोण," वासुदेवराव म्हणाले आणि त्यांनी नातीला आणखी जवळ घेतलं.