जंतूच्या पोटातला व्हायरस

आमच्या डहाणूच्या लॅबमध्ये मलेरियाची स्लाइड पॉझिटिव्ह निघाली, की कुंदाताई आधी जंतूची कीव करतात. “बिचारा! यालाही कुणी छळत असेल!”

मी रक्त काढतो, त्या तपासतात. मलेरियाचा जंतू म्हणजे एका पेशीचा जीव. त्याच्याही आत राहणारा व्हायरस सापडलाय, हे ताईंनी कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून आमची सुटका नाही.

एकदा एक चिकूवाडीवाले काका त्यांच्या तावडीत सापडले. “म्हणजे तो व्हायरस आपल्या बाजूचा?” त्यांनी विचारलं.

“तेच तर अजून कळलेलं नाही!” ताई खुर्चीतून उठल्याच. “कातडीवर जखमा करणारा दुसरा एक जंतू आहे ना, त्याच्यातला व्हायरस माणसाचा आजार उलट वाढवतो! बोला आता!”

काकांनी हात पुढे करून गुजरातीत रिपोर्ट मागितला. “मारो रिपोर्ट आपो ने, बेन.”

“ताई, दिसतो का हो तो?” मी एकदा विचारलं.

“आपल्या मायक्रोस्कोपात? छे! पण नजर टाकायला काय जातं?” असं म्हणून प्रत्येक स्लाइडवर त्या दोन मिनिटं जास्तच वाकून बसतात.

गेल्या पावसाळ्यात तलासरीकडची मंजुळा नावाची मुलगी आईबरोबर रक्त देऊन गेली. दुपारी रिपोर्ट पॉझिटिव्ह निघाला. फोन लावला, तर बंद. ताईंनी एप्रन काढून खुंटीला अडकवला. “चल, एसटी मिळेल.”

विचारत विचारत पाडा गाठला. मंजुळा गोधडीत कुडकुडत होती. ताईंनी मायलेकींना रिक्षात घातलं आणि आरोग्य केंद्राकडे निघालो. पोर घाबरलेली. ताईंनी लगेच तिला व्हायरसची गोष्ट सुरू केली, “तुला छळतोय ना, त्या जंतूच्या पोटातपण एकजण घुसून बसलाय!”

दात वाजत असतानाच मंजुळाने विचारलं, “मग त्यालापण गोळी देनार?”

ताई इतक्या हसल्या, की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. डॉक्टरांनी औषध सुरू केल्यावरच आम्ही परतीची एसटी धरली.

“उद्या लागला असता की फोन,” मी म्हटलं.

ताई खिडकीबाहेर बघत होत्या. “माझ्या धाकट्या भावाचा रिपोर्ट हातात आला, तेव्हा त्याला स्मशानात पोचवून तीन दिवस झाले होते.”