बारा बाळकृष्ण आणि एक घंगाळ

या, जरा पुढं सरकून बसा. गोकुळाष्टमीला आमच्या न्हावऱ्यात काय झालं ते सांगतो. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

देवळात कीर्तन रंगात आलं होतं. बुवा म्हणाले, "स्वतः साबण लावून येता आणि घरचा देव काळा ठेवता?" विचारलं सगळ्यांना, पण बघितलं माझ्याकडं. मग काय, मी तिथंच उभा राहिलो आणि जाहीर करून टाकलं, "आळीतल्या साऱ्या घरचे पितळी बाळकृष्ण मी उजळून देणार. अष्टमीला पाळणा हलायच्या आत ज्याचा त्याच्या घरी!"

मला कसली भीती? रांजणगावच्या कंपनीत सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलंय. हजारो नटबोल्ट, पण एक इकडचा तिकडं झाला नाही. त्यापुढं बारा देव म्हणजे काय?

अष्टमीला सकाळी आमची बायको नकुशी आजारी बहिणीला बघायला दौंडला निघाली. जाताना म्हणाली, "चिंचेच्या पाण्यात लई येळ ठिवू नका. आन् नाकाडोळ्यांवर घासू नका, झिजत्यात."

"तू एसटी गाठ," मी म्हणालो. "मला माल हाताळायला शिकवू नको."

अकरा घरचे देव आले, बारावा आमचा. शेवटी झुंबरबाई आल्या. वय ब्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पदराची गाठ सोडून देव माझ्या हातावर ठेवला. "माहेराहून, वडगाव रासाईहून लग्नात आणलाय, बाबा. मला पाठचा भाऊ न्हाई. ह्योच भाऊ हाय माझा. नीट दी."

"आजी, प्रत्येकाच्या गळ्यात नावाची चिठ्ठी बांधतोय. चूक व्हायची सोय न्हाई."

चिठ्ठ्या बांधल्या. स्केचपेननं, ठळक अक्षरात. मग घंगाळात चिंच कोळली आणि बाराही देव चिठ्ठ्यांसकट आत सोडले.

चहा पिऊन आलो तर पाणी निळं. चिठ्ठ्यांची लापशी झालेली. आणि त्या लापशीत बारा रांगते बाळकृष्ण, बाराही एकच गुडघा उचललेले, बाराही हातात लोण्याचा गोळा धरलेले. साऱ्या पंचक्रोशीनं शिरूरच्या बाजारातूनच देव आणलेत, त्याला मी काय करू?

तरी हिंमत सोडली नाही. रांगोळीच्या बारीक पुडीनं एकेक हलक्या हातानं घासला, साध्या पाण्यात दोनदा बुडवला, जुन्या धोतराच्या फडक्यानं कोरडा करून पाटावर मांडला. ओळख पटत नव्हती, पण चकाकी अशी की आरशानं लाजावं. होता नव्हता तो फरकही मीच पुसून काढला.

चार वाजता माणसं आली. पोपटरावांनी सगळ्यांत जाड देव उचलला. "ह्यो आमचा."

"कशावरनं?" रुपाली वहिनींनी विचारलं.

"आमच्या घरात समदं जाडच हाय."

रुपाली वहिनींनी मोबाइलमधला फोटो दाखवला. फोटोत टोपरं, झबलं, झेंडूची माळ आणि मध्ये एक काळा ठिपका. त्यावरून ओळखायचं तर टोपरंच ओळखावं लागलं असतं. गेणबा म्हणाले, "चिठ्ठ्या टाकू." चिठ्ठ्या शब्द निघताच सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

तेवढ्यात काठी टेकत झुंबरबाई आल्या. मी खरं सांगून पाय धरले. म्हातारी पाटापुढं बसली आणि एकेक देव हातात घेऊन अंगठ्यानं चाचपू लागली. सातव्याला थांबली.

"ह्यो माझा. धुताना अंगठा गुडघ्यावर टेकतो, तिथं खोलगा पडलाय. चौसष्ट वरसांचा." देव पदरात बांधून ती म्हणाली, "आता डोळं मिटा समद्यांनी. आंगुळ घालताना हात काम करतो, डोळं न्हाई."

पोपटरावांनी डोळे मिटून पुन्हा तोच जाड देव धरला. त्यांच्या सुनेनं, करिश्मानं, तो हळूच काढून घेतला. "मामा, ह्यो आपला न्हाई. आपल्याच्या पाठीला पोचा हाय," असं म्हणत डोळे न उघडता आपला उचलला. मग एकेक बाई पुढं आली, चाचपलं, घेऊन गेली. भांडण नाही, शंका नाही. दिवेलागणीआधी पाट मोकळा झाला.

मोकळा म्हणजे, एक उरला.

मी डोळे मिटले, अंगठा फिरवला. गुडघा, पाठ, लोण्याचा गोळा. काही म्हणजे काही कळेना. तीस वर्षं त्याला नकुशीच अंघोळ घालते. मी कीर्तनाला जातो. बाकीचे सगळे गेले म्हणून हा आमचा, एवढाच माझा पुरावा.

नकुशी आली. पायही न धुता तिनं देव हातात घेतला, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "चिंचेत लई येळ ठिवलात."

तेव्हा मंडळी, उद्या देवाला अंघोळ घालाल तेव्हा आमच्या झुंबरबाईंची आठवण काढा. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. माझी आठवण काढायची गरज नाही. आमच्या घरी ती रोज सकाळी, अंघोळीच्या वेळी निघते.