माझा लिटरचा तांब्या

घरात माझं कुणीच खरं मानलं नाय. चौथी शिकलेल्या बाईला लिटर काय कळणार! गल्लीनं मात्र मानलं, अन् तिथंच घात झाला.

पंधरा वर्षं गोकुळ दूधवाला माझ्या माहेरच्या पितळी तांब्यात लिटरचं माप ओतायचा, वर एक धार फुकट सोडायचा, अन् दूध बरोबर गळ्याला लागायचं. या दिवाळीला दारावर आलेल्या कारागिराकडून मी सगळी भांडी ठोकून-घासून घेतली. दुसऱ्याच सकाळी दूध दोन बोटं खाली!

"गोकुळ, माप कुठं कापलंस?"

"मावशी, तेच माप हाय. धार बी सोडली की."

"धार ठेव तुझ्याजवळ. लिटर दे!"

तो मान खाली घालून गेला. मी नळाजवळच्या भिंतीवर खडूनं लिहिलं, 'दूध चोरतो गोकुळ.' (अक्षर माझं लई ठसठशीत, तेच नडलं.) चार दिवसांत नऊ घरांनी त्याचं दूध बंद केलं.

लेक प्रांजली चिडली. लिटरची सीलबंद पाण्याची बाटली आणून तिनं तांब्यात उपडी केली. पाणी तीन बोटं खाली.

"बघ!" मी टाळी वाजवली. "कंपनी बी चोरटी!"

मग तिनं अर्ध्या लिटरच्या दोन दुधाच्या पिशव्या ओतल्या. तीन बोटं खाली.

"डेअरी बी सामील हाय!"

आमचे मालक तांब्या हातात घेऊन फिरवत होते. "अगं, याच्या पोटातला पोचा कुठं गेला? लग्नाच्या वर्षी तू मला फेकून मारला तवा पडलेला. अर्ध्या मोसंबीएवढा व्हता."

मी तांब्याच्या पोटावरनं हात फिरवला अन् चूक मानली. (असं वर्षातनं एकदा होतं.) पोचा कारागिरानं ठोकून काढला होता. तेवढी जागा वाढली, अन् ती भरली नाय म्हणून मी माणूस चोर ठरवला.

तशीच गोकुळच्या घरी गेले. परत आलेल्या दुधाचा खवा आटवून त्याच्या बायकोचे डोळे लाल झाले होते. तिनं मला चहा दिला. बिनदुधाचा असता तर बरं वाटलं असतं.

"उद्यापासून येतो मावशी," गोकुळ म्हणाला. "पण ते भिंतीवरचं तेवढं..."

सकाळी ओलं फडकं घेऊन नळावर गेले. बायका घागरी खाली ठेवून बघायला लागल्या. मी त्याचं नाव पुसलं.

"मग कुणाचं लिहायचं, केसरबाई?" लीलाबाईनं विचारलं.

सगळं पुसलं अन् त्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'गोकुळचं माप खरं. खोटी केसरबाई.'