दोन तुकड्यांची रायफल

"एक किलो एकशे वीस," साकेत म्हणाला आणि त्यानं वहीत आकडा टिपला.

"काटा सोड. मला बेसन मोजायचंय," त्याची बायको आसावरी म्हणाली.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर पीव्हीसीचा पाईप आडवा पडला होता. काळा रंग दिलेला, मधे कपलिंग, मागे फळीचा दस्ता, वजन जुळावं म्हणून पोटात वाळू. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर शनिवारी सकाळी ही रायफल होती. म्हणजे रायफलीचा नमुना होता. खरी कोणती घ्यायची हे साकेत देवस्थळी चार महिने ठरवत होता. ज्या माणसाला मेथीच्या दोन जुड्यांतली एक उचलायला भाजीवाल्याचे शिव्याशाप लागतात, तो चार महिन्यांत ठरवेल असं ज्याला वाटतं, चूक त्याची.

निवड तिघींत होती. पहिलीची नळी सुटून दस्त्याच्या पोटात जाते, पाण्यात पडली तर तरंगते, वजन सव्वा किलोच्या आत, पण गोळी मधेच अडकते असं लोक सांगतात. दुसरी मधोमध फिरवली की तिचे दोन तुकडे होतात, नेम पक्का, पण दोन किलोच्या वर. तिसरी अर्ध्यात दुमडते, एका वेळी एकच गोळी, बिघडायला आत काहीच नाही. तिन्ही पॉइंट टू टूच्या. गोळी करंगळीच्या दोन पेरांएवढी, शंभर घेतल्या तरी सॅकला कळत नाही. साकेतनं यातल्या एकीलाही कधी हात लावला नव्हता. परदेशातले दाढीवाले लोक बर्फात बसून या जोडतात, सोडतात, ससा मारतात आणि सोलतात, ते व्हिडिओ पाहून त्यानं चौदा रकान्यांचा तक्ता केला होता.

"ससा मारलास समज," आसावरी म्हणाली. "सोलणार कोण? शेजारी ऑम्लेट झालं की तू खिडक्या लावतोस."

"सर्व्हायव्हलमध्ये चॉइस नसतो गं."

"मग निवडायला चार महिने का लागतायत?"

साकेत पाईप घेऊन गॅलरीत गेला.

या खुळाचं मूळ मागच्या वर्षीचं. मुरबाडच्या पुढे ट्रेकला गेलेला साकेत वाट चुकला आणि जंगलात एकटा राहिला. अठरा तास, चार बिस्किटं. मेलो असं त्यानं मनात नक्की केलं, बायकोला एक निरोपही मोबाइलमध्ये बोलून ठेवला. मग लाकडं गोळा करायला आवडाबाई नावाची म्हातारी आली. "हितं काय करतूस रं बाळा? गाव तर झुडपामागं हाय," ती म्हणाली आणि तिनं त्याला घरी नेऊन चहा-भाकरी दिली. ही गोष्ट साकेतनं विश्वासानं ऑफिसात एकालाच सांगितली. तेव्हापासून ठाण्याच्या त्या विमा कचेरीत त्याचं नाव झुडूप. "काय झुडूप, वॉशरूम सापडलं का?" असं शिपाईसुद्धा विचारायचा.

आणि घरी गळती. वरच्या मजल्यावर प्रभाकर सबनीस, सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या मोरीचं पाणी साकेतच्या बाथरूमच्या छतातून तीन वर्षं टपकत होतं. अंघोळीला बसलं की पहिला थेंब सबनिसांचा, मग स्वतःच्या बादलीतला. अकरा लेखी तक्रारी झाल्या. "पुढच्या मीटिंगला विषय घेतो," हे एकच उत्तर. ही माणसं स्वतःच्या मोरीला इटालियन लादी लावतात, घाण पाणी खालच्याच्या टाळूवर सोडतात आणि गणपतीत त्याच्याच शेजारी उभी राहून डोळे मिटून आरती म्हणतात. लाज तर त्या लादीलासुद्धा त्यांच्याहून जास्त असेल.

असं सगळीकडून दाबलेलं माणूस शेवटी कुठेतरी ताठ उभं राहायला बघतंच. साकेतनं जंगल निवडलं. लायसन मिळवायचं, रायफल घ्यायची, परत त्याच जंगलात जायचं आणि स्वतःच्या पायांनी बाहेर यायचं. बस, एवढंच.

लायसनची वाट त्याला तळमजल्यावरच्या कुंडलिक म्हात्र्यानं दाखवली होती. इमारत उभी होती ती जमीन मूळची कुंडलिकची. आज्याची बारा बोअरची बंदूक अजून त्याच्या कपाटात होती, आणि लायसनवर कारण होतं पीक संरक्षण.

"पण शेत कुठे राहिलंय, कुंडलिकदादा?"

"हाय ना. तुजी बिल्डिंग उगवली ती त्याच शेतान." कुंडलिकनं अर्ज चाळला. "यो काय लिवलंस? जंगलान जगन्यासाठी? अरे, ससा मारलास त जंगलखातं उचलंल. जगशील, पन जेलान."

"मग काय लिहू?"

"जिवाला धोका हाय, असा लिव. सगली तसाच लिवतान."

साकेतनं तसं लिहिलं. पुढचा रकाना होता, धोका कोणापासून. दुसऱ्या कुणी तिथं अज्ञात इसम म्हणून टाकलं असतं. पण साकेत दिवसभर लोकांचे खोटे क्लेम पकडणारा माणूस. घरी बायकोशी, ऑफिसात साहेबाशी तो सर्रास खोटं बोलायचा. फॉर्मवर मात्र जमायचं नाही, कारण खाली 'वरील माहिती खरी आहे' अशी ओळ असते आणि तिच्याखाली सही. त्यानं खूप आठवून पाहिलं. जगात एकाच माणसाशी त्याचा कागदोपत्री वाद होता. त्यानं लिहिलं, श्री. प्रभाकर सबनीस, वरचा मजला, बाथरूमची गळती. सोबत अकरा तक्रारींच्या झेरॉक्स जोडल्या, प्रत्येकीवर सही करून. आणि अर्ज देऊन टाकला.

तर त्या शनिवारी तो गॅलरीत गेला. अंधारात जोडता आली पाहिजे, असं दाढीवाले सांगत, म्हणून त्यानं डोळ्यांवर पंचा बांधला आणि मोबाइलवर वेळ लावली. नळी, कपलिंग, दस्ता. मग ऐटीत उचलून नेम धरला. डोळे बांधलेल्या माणसाला काय कळणार, नळीचं तोंड कुठे आहे ते. ते सरळ वर होतं.

वर सबनीस दोरीवरून निसटलेलं बनियन बघायला वाकले होते. त्यांनी खाली पाहिलं. मग आत गेले. बनियन दोन दिवस खालच्या ग्रिलवर लोंबत राहिलं.

सोमवारी सकाळी हवालदार पंढरी शेलार अर्जाच्या चौकशीला आले. अशी चौकशी शेजाऱ्यांकडे होते, आणि सेक्रेटरी म्हणून ते आधी सबनिसांकडेच गेले.

"देवस्थळी माणूस कसा आहे?"

"सज्जन आहेत. का हो?"

"बंदुकीचं लायसन मागितलंय." शेलारांनी अर्ज काढला. "कारण म्हणून तुमचं नाव आहे."

सबनिसांनी अकराच्या अकरा झेरॉक्स वाचल्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

मंगळवारी वरच्या मजल्यावर घण पडायला लागले. साकेत जिना चढून बघायला गेला, तर प्लंबर सबनिसांची इटालियन लादी फोडत होता आणि सबनीस त्याला घाई करत होते. "साकेतराव, आपण कशाला त्रास घेतलात?" ते म्हणाले आणि दाराआड सरकले. साकेतराव! कालपर्यंत ते त्याला "अहो, तीनशे दोन" म्हणून हाक मारत. साकेतच्या जागेत वर्षभर उभी असलेली सबनिसांच्या जावयाची स्कूटरही गेली होती. संध्याकाळी लिफ्ट आली तेव्हा सबनिसांच्या पत्नी म्हणाल्या, "तुम्ही जा आधी, आम्ही जिन्यानं जाऊ," आणि त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं.

बुधवारी ऑफिसातही काहीतरी फिरलं होतं. सोसायटीतल्या कुणाचा तरी मेहुणा तिथं होता. शिपायानं न मागता चहा आणून ठेवला. "देवस्थळी सर, साखर बरोबर आहे का?" त्याच्या मागे उभा असलेला एक जण झुडूप हा शब्द तोंडात आलेला गिळत होता, हे साकेतला स्पष्ट दिसलं.

"माझ्यात काही बदल झालाय का?" त्यानं संध्याकाळी घरी येऊन आसावरीला विचारलं.

"केस अजून गळलेत," ती म्हणाली. "पण अरे, आज बादली कोरडी आहे."

दोघांनी आत जाऊन छताकडे पाहिलं. थेंब नव्हता. मान वर करून दोघं तशीच उभी होती, तेवढ्यात बेल वाजली.

दारात शेलार होते. मागे, जिन्याच्या दोन पायऱ्या वर, सबनीस. त्यांच्याही वर खांद्यावर घण घेतलेला प्लंबर.

"तुमच्या विरोधात अर्ज आलाय," शेलार म्हणाले. "यांच्या जिवाला तुमच्यापासून धोका आहे म्हणे. विनालायसन हत्यार दाखवलंत. कुठाय?"

साकेत शेलारांना स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि पाईप त्यांच्या हातात दिला. शेलारांनी कपलिंग फिरवलं. पसाभर वाळू ओट्यावर सांडली.

"हा तर नळाचा पाईप."

"नमुना आहे. सॅकमध्ये बसतो का ते बघत होतो."

शेलार तोंडावर हात धरून बराच वेळ हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "साहेब, सोपं काम आहे. हा बाहेर नेऊन त्यांना दाखवू. ते हसतील, अर्ज मागं घेतील. मी अहवाल स्वच्छ लिहितो. तुमचं लायसन होऊन जाईल."

साकेतचा चेहरा उजळला. चार महिने, चौदा रकाने. तिसरीच घ्यायची, दुमडणारी, हेही त्याचं त्या क्षणी ठरलं.

बाहेर प्लंबर विचारत होता, "काका, बोला की. वॉटरप्रूफिंग करू, की वरनं नुसतं सिमेंट फासू?"

"थांब जरा," सबनिसांचा आवाज आला. "आत काय ठरतंय बघू. हसण्यावारी जाणार असेल तर सिमेंट फास."

आसावरीनं शेलारांच्या हातातून पाईप काढून घेतला, पुसला आणि तांदळाच्या डब्यामागे उभा करून ठेवला. मग फडकं घेऊन ओट्यावरची वाळू गोळा करू लागली. साकेतनं तिच्याकडे पाहिलं, तिनं बाथरूमच्या दाराकडे.

शेलार बाहेरच्या खोलीत आले आणि दारात उभं राहून त्यांनी डायरी उघडली. "बोला देवस्थळी. तुमच्यापासून सबनिसांना धोका आहे का?"

"आहे."

"नीट विचार करा. लायसन मिळायचं नाही. वर वर्षभर शांततेनं राहण्याचा बॉन्ड लिहून द्यावा लागेल."

"देतो. पण हे आधी लिहा," साकेत म्हणाला, "आणि जरा मोठ्यानं वाचून दाखवा."

शेलारांनी वाचून दाखवलं.

"वॉटरप्रूफिंग कर," सबनीस प्लंबरला म्हणाले. "दोन थर मार."