सुंदरा खारीची सोपी ढोली

एका जंगलात कुणी कुणाकडे थेट काही मागत नसे, मुलांनो. तिथल्या मोठ्या वडाला ढोल्या होत्या. मध हवा तर एका ढोलीपाशी जायचं, औषध हवं तर दुसरीपाशी. आत बसलेल्या प्राण्याने मागणी ऐकायची, नियम बघायचा, वस्तू आणायची आणि उत्तरही त्यानेच द्यायचं.

औषधाच्या ढोलीत सुंदरा खार बसे. सिंहमहाराजांच्या पंजाचा ठसा असलेलं पान आणेल त्यालाच गुळवेल, असा नियम होता. सुंदरा नियमाची पक्की. ठसा नसला की ती ठणकावून सांगे, मिळणार नाही. फक्त, नाही म्हटल्यावर थांबायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यामुळे ती पुढचं कामही करून टाकी. गुळवेल तोडी, पानात बांधी आणि बाहेर सरकवी.

गोदा साळिंदर रोज यायची. तिच्या पिल्लाचा ताप हटत नव्हता. ठशासाठी महाराजांच्या गुहेत गेलेलं कुणी परत आलेलं तिने पाहिलं नव्हतं. म्हणून ती इथे येऊन नकार ऐकायची, गुळवेल घ्यायची आणि घरी जायची. इथली रीतच अशी असेल, असं तिला वाटे.

मग शहरातून सुतारपक्षी परतला. तो तिकडे संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या खिडकीत राहिला होता. ती माणसं गो नावाच्या भाषेत अशाच ढोल्या बांधतात आणि त्यांना हँडलर म्हणतात, असं तो सांगे. वड बघून तो हळहळला. प्रत्येक ढोलीत तेच तेच बोलणं. त्याने महाराजांना पटवलं, की ढोलीतल्याने बाहेर काही बोलूच नये. एक तर वस्तू द्यावी, नाही तर नकार द्यावा, आणि तिथेच थांबावं. बाहेर काय सांगायचं, काय द्यायचं ते एकटा पोपट बघेल.

वड खरंच नीटनेटका झाला. सुंदरालाही हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गोदा आली. सुंदराने आतल्या आत पोपटाकडे नकार दिला. तिचं काम संपलं.

"मागणी अमान्य," पोपट म्हणाला.

गोदा पंजा पुढे करून उभीच.

"मागणी अमान्य, बाई."

"ऐकलं की, दादा. आता द्या."

पोपटाने तेच पुन्हा सांगितलं. रांगेतलं मागचं रानडुक्कर करवादलं, की उत्तर मिळालंय ना, मग वाट सोड. गोदा बाजूला झाली, पण अंधार पडेपर्यंत गेली नाही. आत सुंदरा गुळवेलीकडे बघत बसली होती. तिने एकदा वेलीला हात लावला आणि मागे घेतला. तोडली तरी ती सरकवायला आता तिच्याकडे बाहेरची बाजूच नव्हती.

गोदा काही दिवस येत राहिली. मग थांबली. पिल्लूच राहिलं नाही, तर ती कुणासाठी येणार?

औषधाच्या ढोलीवरची गर्दी ओसरली, असं सुतारपक्ष्याने कळवलं. महाराजांनी त्याची पाठ थोपटली.

तात्पर्य: मुलांनो, आपलं काम सोपं ठेवावं, आणि नाही म्हटलं की हात तिथल्या तिथे थांबवावा. नाहीतर चुकून कुणाचं तरी भलं होऊन बसतं.